एक काना जास्त

एका सात वर्षांच्या मेलेल्या मुलीला मी टोपी घातली, सदऱ्याला गुंड्या लावल्या, भुवया जरा जाड केल्या आणि छान गोंडस मुलगा करून तिला तिच्या बापाच्या हातात दिलं. वर म्हणाले, "अगदी तुमच्यावर गेलाय हो!"

आता बोला.

दिवाळी अंकात आपली चूक सांगणारी मंडळी ती चूकसुद्धा कशी थोर होती हे हळूच दाखवून जातात. माझी तशी नव्हती. मी तेव्हा बावीस वर्षांची होते, पूर्ण शुद्धीत होते, आणि स्वतःला फार हुशार समजत होते. या तीन गोष्टी एकत्र आल्या की माणूस काय वाट्टेल ते करतो.

लेखाचं खूळ माझ्या नातीचं. तिनं कुठंतरी वाचलं की चित्रं काढल्यानं आणि झाडापानांत वावरल्यानं दुःख हलकं होतं. "आजी, तू तर आयुष्यभर हेच केलंयस. लिही ना!" हलकं होतं म्हणे! दुःख म्हणजे काय कापूस आहे, पिंजला की हलका व्हायला? पण पोरगी पेन आणि कागद समोर ठेवूनच गेली. तेव्हा लिहिते. हलकं वाटलं नाही तर तक्रार तिच्याकडे करा.

स्वातंत्र्यानंतरच्या चार-पाच वर्षांतली गोष्ट. मी लग्न होऊन साताऱ्याकडून धुळ्याला आले. नवरा कचेरीत कारकून. पहिली मुलगी झाली आणि नवव्या दिवशी गेली. बारसं बाराव्या दिवशी असतं. तीन दिवस कमी पडले, म्हणून तिला नाव नाही. घरात तिच्याबद्दल बोलायचं नाही हे कुणी न सांगताच ठरलं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "देवानं दिलं, देवानं नेलं. कणीक मळायची राहिलीय." मी कणीक मळायचे आणि मळतच बसायचे. शेवटी सासूबाईंच्या भावाला, म्हणजे माझ्या मामेसासऱ्यांना, ते बघवेना. त्यांना सगळं गाव नाना म्हणायचं. आग्रा रोडला त्यांचा फोटो स्टुडिओ होता. ते म्हणाले, "सूनबाईचा हात चांगला आहे. शाळेत चित्रकलेच्या परीक्षा दिल्यात. दुपारची स्टुडिओत येऊन बसू दे. मन रमेल."

मन रमेल! हे दोन शब्द मी त्या वर्षात इतक्या तोंडांतून ऐकले की आजही कुणी ‘मन रमव’ म्हटलं की हातातली वस्तू फेकावीशी वाटते. आणि काम कोणतं दिलं? मेलेल्या माणसांचे फोटो रंगवायचं. मेलेलं मूल विसरावं म्हणून मला मेलेल्या माणसांत नेऊन बसवलं. नानांच्या हे लक्षातच आलं नाही. माझ्या आलं, पण मी बोलले नाही. सून होते ना.

हा धंदा आता उरला नाही, म्हणून सांगते. त्या काळी खेड्यातल्या माणसाचा फोटो आयुष्यात निघाला तर एकदा निघायचा, लग्नात नाहीतर जत्रेत. तोही घोळक्यात. माणूस गेलं की घरच्यांना तो फोटो आठवायचा. मग ते यायचे आणि बोट ठेवायचे, "हा, मागून तिसरा, जो अर्धा दिसतो, तो आमचा बाप." नाना त्या फोटोचाच काचेवर फोटो घेत आणि तो मोठ्या कागदावर छापत. त्याला एन्लार्जमेंट म्हणायचं. आता तुरीच्या दाण्याएवढा चेहरा ताटाएवढा केला की त्यात नाक-डोळे राहत नाहीत, नुसतं धुकं राहतं. तिथून पुढं माझं काम. काळी पूड, कापसाचा बोळा, दोन केसांचा कुंचला, खरवडायला पातं. धुक्यातून माणूस बाहेर काढायचा. त्याला फिनिशिंग म्हणत. मग त्याच्या मागं नानांच्या पडद्यावरचा तो संगमरवरी जिना, कठडा आणि फुलांची कुंडी. पश्चिम खानदेशातली निम्मी मयत मंडळी त्या एकाच जिन्यावर उभी आहेत. एकही वर गेलेला नाही.

गिऱ्हाइकं तर विचारू नका. एक आजोबा बायकोचा फोटो घेऊन आले. "हिला जरा हसती करा."

"हसताना कशा दिसायच्या?" मी विचारलं.

"कोणाला माहीत! चाळीस वर्षांत हसली नाही. म्हणून तर तुमच्याकडे आलो."

दुसरे दोघे भाऊ. थोरला गेला, त्याचा फोटोच नव्हता. धाकटा म्हणाला, आम्ही जुळ्यासारखे दिसायचो, माझाच काढा आणि मिशा वाढवा. काढला. वर्षभरानं तो पडल्या चेहऱ्यानं परत आला. रोज आंघोळ करून स्वतःच्याच फोटोला हार घालून नमस्कार करावा लागतो, आणि बायको फोटोकडं बघून डोळ्यांना पदर लावते म्हणाला. मिशा अजून वाढवता येतील का?

अशा लोकांत मी शहाणी समजले जायचे. म्हणजे मी समजायचे.

तर दिवाळी सरल्यावर पांझरेकाठच्या एका खेड्यातून राजधरभाऊ नावाचा शेतकरी आला. उंच, वाकलेला, हळू बोलणारा. फडक्यात गुंडाळलेला जत्रेतला फोटो. त्यात घरची अकरा माणसं आणि पुढं मातीत बसलेलं एक पोर, मोठ्यांचा सदरा घातलेलं, डोकं साफ भादरलेलं. त्या पोरावर बोट ठेवून तो म्हणाला, "बाई, हाई मन्ही आंडेर शे. दिवाळीमा गयी. मोठा फोटो करी द्या."

आता अहिराणीत आंडोर म्हणजे मुलगा आणि आंडेर म्हणजे मुलगी. मला ‘आंडोर’ हा एकच शब्द पंधरा दिवसांपूर्वी शेजारणीनं शिकवला होता, आणि नवा शब्द शिकलेल्या माणसाला तो सगळीकडंच ऐकू येतो. तो भला माणूस ‘मन्ही’ म्हणाला, ‘गयी’ म्हणाला. दोनदा त्यानं स्त्रीलिंग माझ्या कानावर घातलं. मी दोन्ही कान उघडे ठेवून एक काना जास्त ऐकला. आत फोटो धूत असलेल्या नानांना ऐकू जाईल अशा ऐटीत म्हणाले, "अस्सं, आंडोर का!" आणि त्याला विचारलं, "टोपी काळी की पांढरी?"

"टोपी?" तो बावचळला.

"बोडकं डोकं फोटोत बरं दिसत नाही."

"तुम्हले जे बरं वाटी ते," तो म्हणाला. पोर गेलेल्या बापाला त्या दिवसांत काहीही विचारा, तो असंच म्हणतो. हे मला कळायला हवं होतं. माझ्याही घरात असा एक बाप होता.

आठ दिवसांनी त्यानं चित्र हातात घेतलं आणि बघतच राहिला. मला वाटलं, गहिवरला. माझीच छाती भरून आली. त्याला वाटलं असणार, शहरात फोटो असेच होतात. गुंडाळून घेऊन गेला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी त्याची बायको आली. बुटकी, काटक, केसांत कापसाचे तंतू. गुंडाळी उलगडून तिनं चित्र माझ्या टेबलावर आपटलं. "हाऊ कोन शे?"

"तुमचा मुलगा," मी म्हणाले.

"मन्हा आंडोर घर शे. बकरीले पानी दी ऱ्हायना. हाऊ कोन?"

नाना काळ्या कापडात डोकं घालून कॅमेऱ्याशी झटत होते. कापडाच्या आतूनच आवाज आला, "सूनबाई, आंडेर म्हणजे मुलगी." मग थोडं थांबून, "हरे राम."

मी खाली बघितलं. आता ही बाई काय काय बोलणार याची वाट बघत राहिले. मग मान वर केली, तर ती त्या टोपीकडं बघत होती आणि तिच्या ओठाचा एक कोपरा हलत होता. "तीले टोपीनी भलती हौस व्हती," ती म्हणाली. "भाऊनी टोपी पळाडी ली जाये. तो देये नही." आणि हसली. हसता हसता जमिनीवरच बसली आणि मग ते हसणं राहिलं नाही.

मुलीचं नाव तापी. नदीचं नाव. डोक्यात उवा फार झाल्या म्हणून जत्रेच्या आधी भादरलं होतं. त्या तुरीच्या दाण्याशिवाय तिची दुसरी खूण जगात नव्हती. माझ्या कामानं तोही दाणा खोटा करून टाकला होता. मी छाती ठोकून सांगितलं, "पुढच्या बाजारापर्यंत खरी तापी काढून देते."

पुढच्या बाजारी तिनं बघितलं आणि मान हलवली. "अशी नही."

त्याच्या पुढच्या बाजारी, "नही वं बाई. अशी नही."

नाक बदललं. कान बदलले. ती म्हणाली, एक गाल फुगेल ऱ्हाये, त्यामा बोर ऱ्हाये. मी गाल फुगवला. "आते दाढ दुखी ऱ्हायनी असं दिसस." गाल बसवला. "आते उपाशी दिसस." भुवया, हनुवटी, कपाळावरची खोक. मी पातं घेऊन कागद इतका खरवडला की पलीकडचं दिसायला लागलं. दोन कागद फुकट गेले. नाना म्हणायचे, "फोटो परत दे आणि हात जोड. हे काम कुणालाच होणार नाही." मलाही तेच वाटायचं. पण मी चिडले की सोडत नाही. हा माझा गुण नव्हे, खोड आहे.

आणि सगळ्यात वैताग म्हणजे तिला काही घाईच नव्हती! ‘अशी नही’ म्हणायची, चहा प्यायची आणि तापीची एखादी गोष्ट सांगून उठायची. मी कुंचले धूत रागानं ऐकायचे. बाजाराची पिशवी भरायच्या आधी इथं, भरल्यावर परत इथं. मला वाटायचं, हिला फोटो हवाय की बसायला जागा?

एक दिवस माझा तोल गेला. ‘अशी नही’ ऐकल्याबरोबर मी बोळा फेकला आणि ओरडले, "मग कशी होती? एकदाचं सांगा तरी, तापीची आई!"

स्टुडिओत आलेलं लग्नाचं जोडपं दचकलं. नाना कापडातून बाहेर आले. ती मात्र माझ्याकडं टक लावून बघत होती.

"काय म्हनं?" तिनं विचारलं.

"चुकलं, रागात बोलले."

"नही. काय म्हनं? पऱ्हत म्हन."

"तापीची आई."

मग तिनं सांगितलं. त्यांच्या गावात बाईला नावानं कुणी हाक मारत नाही, थोरल्या पोराच्या नावानं मारतात. तापी थोरली. सात वर्षं सगळं गाव तिला ‘तापीनी माय’ म्हणायचं. पोरगी गेली त्या दिवसापासून, तिला बिचारीला आठवण नको म्हणून, सगळ्यांनी ‘धनानी माय’ म्हणायला सुरुवात केली. धना म्हणजे धाकटा, टोपीवाला. चांगल्या मनानंच केलं. "गावना लोके चांगलाच शेतस," ती म्हणाली, "पन मन्हं नाव भी ली गयात."

मला त्या दिवशी कळलं की ती आठवड्याला येते कशाला. फोटो पुरा झाला की तापीबद्दल बोलायची जागा बंद. म्हणून नाक कधी बरोबर येत नव्हतं. कळलं, म्हणून माझी चिडचिड कमी झाली असं समजू नका. उलट वाढली. कारण आता हे काम मला सोडता येत नव्हतं.

उठता उठता ती म्हणाली, "आठे बशीसन नही समजाव. वावरमा ये."

सासूबाईंनी विचारलं, "शेतात? कशाला?" मी म्हणाले, "मन रमवायला." त्यांनी कणकेची परात स्वतःकडं ओढली.

एसटीनं फाट्यापर्यंत, पुढं राजधरभाऊच्या बैलगाडीतून. मी जरीकाठी लुगडं नेसून, वही आणि पेन्सिली घेऊन गेले होते. निसर्गाच्या सान्निध्यात चित्र काढायचं ना! शाळेत आमच्या बाईंनी तसंच शिकवलं होतं. तिथं मैलभर काळी भेगाळलेली जमीन, छातीपर्यंत कपाशी, पायाखाली ढेकळं, डोक्यावर पौषातलं असूनही भाजणारं ऊन, आणि बांधावर एक बोरीचं झाड. माझ्या लुगड्याला त्या बोरीनं पहिल्या पाच मिनिटांत धरलं.

"काय काढू?" मी विचारलं.

"पहिले येच," ती म्हणाली आणि माझ्या कमरेला कापूस वेचायची झोळी बांधली.

कापूस दिसतो मऊ. त्याच्या वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांत शिरतात ते वेचणाऱ्यालाच कळतं. तासाभरात माझी चित्रकाराची बोटं सोलून निघाली. ती पलीकडच्या सरीत, मी अलीकडच्या. दोघींमध्ये झाडांची रांग. तोंड दिसायचं नाही, नुसता हातांचा आवाज. कुणाचं तोंड दिसत नसलं की बोलायला बरं पडतं. मी बोलून गेले. मला मुलगी झाली होती, नऊ दिवस होती. साताऱ्याच्या मराठीत, कपाशीकडं बघत. दीड वर्षात पहिल्यांदा.

पलीकडचे हात थांबले नाहीत. "आंडोर का आंडेर?" असं विचारलं. मुलगी म्हणाले होते तरी! आमच्या शुद्ध भाषेवर तिचा विश्वास नसावा.

"आंडेर," मी जपून म्हणाले.

"नाव?"

"ठेवलं नव्हतं."

"हं," ती म्हणाली आणि पुढच्या झाडाकडं सरकली.

हं! जे मी नवऱ्याशी बोलले नव्हते ते हिला सांगितलं आणि ही म्हणते हं! मला इतका राग आला की मी दोन सऱ्या न बोलता वेचल्या.

दुपार कलल्यावर ती बोरीखाली गेली. म्हणाली, "आते देख." आणि ती बाई, दोन पोरांची आई, माझ्याकडं पाठ करून उकिडवी बसली. उजवा खांदा वर, डावा हात मागं सदऱ्याचा सोगा धरल्यासारखा, मान खाली. "अशी बसे. मन्हाकडे पाठ करीसन बोरं खाये. खोकला व्हता ना, मी खाऊ देऊ नही. माले समजत नही असं तीले वाटे."

मी झोळी सोडली. मग पेन्सिल काढली.

दोन महिने आम्ही चेहऱ्यावरून भांडत होतो, आणि या बाईनं कामाच्या रगाड्यात पोरीची बघितली होती ती पाठ! त्या सोललेल्या बोटांनी मी तिथंच मातीत बसून ती पाठ काढली. स्टुडिओत येऊन मोठी केली. जिना नाही, कुंडी नाही. काळी जमीन, बोर, आणि उकिडवी बसलेली लहान आकृती. डोक्यावर भावाची टोपी, तिरकी. टोपी ठेवली मी. तेवढी माझी चूक मला परत हवी होती.

नानांनी चष्मा पुसून बघितलं. "सूनबाई, पाठमोरी? हार कुठं घालायचा?"

"घालू नये."

"माझ्या स्टुडिओतून असा फोटो आजवर बाहेर गेला नाही."

"मुलीचा मुलगा झालेला गेला," मी म्हणाले. नाना कापडात शिरले.

ती दोघं आली. मी ‘अशी नही’ची वाट बघत उभी होते. तिनं चित्र उजेडाला धरलं. राजधरभाऊ वाकून बघत म्हणाला, "तोंड कोठे शे?"

"तोंड कसाले?" ती त्याच्यावर खेकसली. "बोरं खाई ऱ्हायनी ती. हाक मारी तं वळी."

आणि चित्र पदराखाली घेऊन ती उठली. चहासुद्धा घेतला नाही. मला जरा रागच आला. दर आठवड्याला येणारं माणूस असं उठून जातं का?

दुःख हलकं झालं का, असं नात विचारेल. मला माहीत नाही. तिच्या पुढं कपाशी होती, माझ्या पुढं नानांचे उरलेले मयत होते. पुढं दहा वर्षं मी ते काम केलं, पाठमोरं चित्र पुन्हा कुणी मागितलं नाही. माझ्या ट्रंकेत तळाशी एक कागद आहे, तो कसला म्हणून नातीनं दोनदा विचारलंय. या लेखात त्याचं उत्तर नाही. तिनं ट्रंक उघडायची नाही.

त्या दिवशी मी त्यांना एसटीपर्यंत पोचवायला गेले होते. राजधरभाऊ आत चढला. ती पायरीवर एक पाय ठेवून वळली आणि म्हणाली, "तू भी तुन्ही काढी ले. आते चालती व्हयनी आसती. पाठमोरी काढ, हाक मार, वळी ती."

मी चिडून म्हणाले, "कुठल्या नावानं मारू हाक? नाव कुठं आहे तिला?"

तिनं जिभेनं ‘च्च’ केलं, इतक्या मंद बाईला काय सांगावं तसं. गाडी सुरू झाल्यावर खिडकीतून डोकं बाहेर काढून, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशी ओरडली:

"नाव नही तं काय व्हयनं? ‘आंडेर’ म्हनीसन हाक मार! पन आते तरी नीट म्हन वं बाई, आंडोर नको म्हनू!"